आनूप, जांगल आणि माळरान

औषधी वनस्पती कोणत्या भूमीतून गोळा कराव्यात, हे सांगताना चरकसंहितेच्या कल्पस्थानात भूमीचे तीन प्रकार मानले आहेत. आनूप देश पाणथळ आणि दाट झाडीचा असून तेथे नारळी-केळी वाढतात. जांगल देश मोकळ्या आभाळाखालचा व कोरड्या वाऱ्याचा असतो. तेथे खैर, बोर, शमी, धावडा, सालई, टेंभुर्णी असे काटक वृक्ष असतात. साधारण देशात या दोहोंची लक्षणे एकत्र येतात. आयुर्वेदात हरणाच्या मांसाला जांगल मांस म्हटले आहे, ते याच कोरड्या व मोकळ्या प्रदेशावरून.

आज मराठीत ‘जंगल’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते, ते नेमके उलट असते. दाट झाडी, अंधार आणि ओलावा, म्हणजे प्राचीनांचा आनूप देश. शब्दांचे अर्थ काळाच्या ओघात बदलतात, त्यात नवल नाही. परंतु येथे शब्दाबरोबर दृष्टीही बदलली. जो प्रदेश एके काळी स्वतःच्या गुणांनी ओळखला जात होता, तोच आता ‘पडीक’ किंवा ‘उजाड’ म्हणून ओळखला जाऊ लागला. ही दृष्टी कशी बदलली आणि तिची किंमत काय, हे समजण्यासाठी हवामान आणि वनस्पतिसृष्टी यांचे नाते आधी पाहावे लागते.

हे नाते पाहण्यास गोव्याचा किनारा ते विजापूर या वाटेसारखी दुसरी शाळा नाही. अंतर तीनशे-सव्वातीनशे किलोमीटरचे; पण त्यात हवामानाचे तीन-चार प्रदेश ओलांडले जातात. पणजीस वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, वर चढताना थंड होतात आणि पाणी टाकून देतात. त्यामुळे घाटमाथ्यावर आंबोलीस पाऊस सात हजार मिलीमीटरच्या आसपास जातो. तेथून साठ-सत्तर किलोमीटरवर असलेल्या बेळगावास तो तेराशेच्या घरात येतो आणि विजापुरास सहाशेवर उतरतो. डोंगर उतरलेला वारा पुन्हा तापतो व कोरडा होतो. त्यालाच पर्जन्यछाया म्हणतात.

पावसाच्या या उतरंडीबरोबर झाडेही बदलत जातात. घाटाच्या कुशीतील ओल्या दऱ्यांत सदाहरित वने आहेत. गोव्यात सत्तरी तालुक्यातील निरंकाराची राई ही देवराई त्यांतले एक दुर्मिळ रूप दाखवते. तेथे बारमाही ओल्या चिखलात रानजायफळाच्या कुळातील वृक्ष उभे आहेत. चिखलात हवा मिळत नाही म्हणून त्यांची मुळे गुडघ्यासारखी वाकून वर येतात आणि श्वास घेऊन पुन्हा चिखलात शिरतात. घाट ओलांडून खानापूर-बेळगावकडे आले की ऐन, किंजळ, नाणा, साग यांची पानझडी वने लागतात. पूर्वेस आणखी पुढे गेले की झाडे ठेंगणी, काटेरी आणि एकमेकांपासून दूर होत जातात. बाभूळ, हिवर, खैर व बोर यांच्या मधल्या मोकळ्या जागेत गवत पसरलेले दिसते.

येथे केवळ पावसाची बेरीज पाहून भागत नाही. तो किती महिने पडतो, हेही पाहावे लागते. महाबळेश्वरास जवळजवळ सहा हजार मिलीमीटर पाऊस पडतो, तरी तेथील जांभूळ, अंजनी, पिसा यांचे रान केरळातील सदाहरित वनांच्या मानाने ठेंगणे आहे. कारण तो सारा पाऊस जून ते ऑक्टोबर या काळात कोसळतो आणि पुढे सात महिने जमीन कोरडी राहते. केरळाच्या दक्षिण भागात हा कोरडा काळ फारच थोडा असतो. वृक्षाला वर्षभर संसार चालवायचा असतो. चार महिन्यांची चंगळ त्याला आठ महिने पुरत नाही.

पानगळीचा अर्थही यातूनच उलगडतो. पानाच्या सूक्ष्म रंध्रांतून वृक्ष हवा घेतो, पण त्याच रंध्रांतून पाणी बाहेर जाते. जमिनीत पाणी उरले नाही की पाने ठेवणे म्हणजे गळक्या घागरीने पाणी भरणे होय. म्हणून साग पाने टाकून देतो. पळस तर पाने टाकून त्या निष्पर्ण अवस्थेतच फुलतो. जेथे पाणी क्वचितच मिळते, तेथे पान लहान होते, जाड होते किंवा निवडुंगाप्रमाणे नाहीसेच होऊन खोड त्याचे काम करते.

हवामानाप्रमाणे वनस्पतींचे पट्टे पडतात, हा विचार शास्त्रशुद्ध रीतीने मांडण्याचे श्रेय अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाकडे जाते. 1802 साली त्यांनी दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझो पर्वतावर चढाई केली. शिखर त्यांना गाठता आले नाही. परंतु पायथ्याच्या उष्ण अरण्यापासून हिमरेषेपर्यंत वनस्पती कशा क्रमाने बदलतात, याची नोंद त्यांनी केली. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे हजारो कोस जाताना जो क्रम दिसावा, तोच एका पर्वताच्या अंगावर त्यांना आढळला. हिमालयातही तोच अनुभव येतो. खाली साल, त्यावर ओक व देवदार, त्याहून वर भूर्ज आणि शेवटी बुग्याल या नावाने ओळखली जाणारी गवताची कुरणे.

पुढे 1898 साली आंद्रेआस शिंपर यांनी वनस्पतींच्या शरीरक्रियेवरून त्यांच्या भूगोलाचा उलगडा केला. ‘उष्ण कटिबंधीय पर्जन्यवन’ ही संज्ञा त्यांचीच. 1900 साली व्लादिमिर कोपेन यांनी हवामानाचे वर्गीकरण केले, तेही वनस्पतींच्याच आधाराने. हवामानाची सीमा कोठे मानावी, हे त्यांनी झाडांना विचारले, असेच म्हणावे लागेल. एका प्रकारच्या हवामानात जी विशिष्ट वनस्पती व प्राणी यांची सृष्टी नांदते, तिला शास्त्रज्ञ जीवसंहती म्हणतात.

पृथ्वीवरील अशा प्रमुख जीवसंहतींवर धावती नजर टाकली तरी उष्णता आणि पाणी या दोन सूत्रधारांचा खेळ स्पष्ट होतो. ॲमेझॉन, काँगो आणि आग्नेय आशिया येथे वर्षभर ऊब व पाऊस असल्याने सदाहरित पर्जन्यवने आहेत. त्यांच्या दोन्ही बाजूंस, जेथे कोरडा ऋतू येतो तेथे, पानझडी वने आणि तृणप्रदेश आहेत. त्याहून दूर, साधारण अडीचशे मिलीमीटरहून कमी पावसाचे वाळवंट. भूमध्य समुद्राभोवती पाऊस हिवाळ्यात आणि कोरडेपणा उन्हाळ्यात असतो. त्यामुळे तेथील झुडपांची पाने जाड, चिवट व बाराही महिने हिरवी असतात. हीच तऱ्हा कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचे टोक आणि ऑस्ट्रेलियाचा नैर्ऋत्य कोपरा येथे दिसते. या दूरदूरच्या प्रदेशांतील कुळे वेगवेगळी असली, तरी सारख्या हवामानाने त्यांना सारखेच रूप दिले आहे.

समशीतोष्ण प्रदेशात पाऊस पुरेसा असेल तर ओक-बीचची वने वाढतात. ती पाने टाकतात ती दुष्काळाच्या नव्हे, थंडीच्या भयाने. पाऊस अपुरा असेल तर युरेशियाचे स्टेप, उत्तर अमेरिकेची प्रेअरी, अर्जेंटिनाची पंपास अशी अफाट गवताळ मैदाने पसरतात. त्यांच्याही उत्तरेस सूचिपर्णी वृक्षांचा तैगा आहे. सुईसारख्या पानांवर बर्फ साचत नाही आणि ती पाणीही काटकसरीने वापरतात. सायबेरियाच्या सर्वांत कडक थंडीत तर लार्च हा सूचिपर्णी असूनही पाने झाडून टाकतो. ज्या प्रदेशात सर्वांत उबदार महिन्याचे सरासरी तापमानही दहा अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, तेथे वृक्ष संपतात. पुढे गोठलेल्या जमिनीवर शेवाळे, दगडफूल आणि वीतभर उंचीचे विलो यांचा टुंड्रा सुरू होतो.

इतके सुबोध चित्र पाहिल्यावर एक मोह पडतो. पाऊस व तापमान सांगावे आणि वनस्पती कोणती ते ओळखावे, म्हणजे गणित सुटले. विसाव्या शतकाच्या आरंभी या मोहाला शास्त्राचे पाठबळही मिळाले. फ्रेडरिक क्लेमेंट्स या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1916 साली असे प्रतिपादन केले, की प्रत्येक हवामानात वनस्पतिसमूह पायरीपायरीने एका ठरलेल्या परिपूर्ण अवस्थेकडे जातो. मग जेथे वृक्षांना पुरेल इतका पाऊस आहे आणि तरीही गवत आहे, तेथे काय समजावे? तेथील विकास कोणीतरी रोखला आहे, अरण्य तोडले किंवा जाळले गेले आहे, असे उत्तर या विचारातून सहजच निघते. इमारती लाकडाकडे डोळे लावून बसलेल्या ब्रिटिश वनव्यवस्थेला हे उत्तर सोयीचे होते. दख्खनचे माळ म्हणजे बिघडलेले वन, ही समजूत येथूनच दृढ झाली.

परंतु विरळ वृक्षांचा उष्ण तृणप्रदेश, ज्याला सॅव्हाना म्हणतात, तो या गणितात बसत नाही. महेश शंकरन आणि त्यांचे सहकारी यांनी आफ्रिकेतील आठशेंहून अधिक ठिकाणांची माहिती एकत्र करून 2005 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे साडेसहाशे मिलीमीटरपर्यंत पाऊस असेल, तर पाण्याच्या तुटीमुळेच झाडे एका मर्यादेपलीकडे दाट होऊ शकत नाहीत, असे त्यांना आढळले. म्हणजे तेथे गवत हे हवामानाचेच अपत्य ठरते. त्याहून अधिक पावसाच्या प्रदेशात मात्र झाडे दाटी करू शकतात. आग आणि चरणारे प्राणी त्यांना आवरून धरतात. 2011 साली झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले, की हजार ते अडीच हजार मिलीमीटर पावसाच्या बऱ्याच प्रदेशात अरण्य आणि सॅव्हाना हे दोन्ही संभवतात. तेथे कोणते नांदेल, हे मुख्यतः आगीवर ठरते.

गवताची शरीररचनाच या संघर्षासाठी घडलेली आहे. झाडाचा वाढता कोंब शेंड्याला असतो. तो खाल्ला गेला किंवा जळाला, की झाडाची अनेक वर्षांची कमाई बुडते. गवताचा कोंब जमिनीलगत असतो. वरचे पाते जळाले किंवा गुरांनी ओरबाडले, तरी पहिल्या पावसाबरोबर ते पुन्हा उठते. उष्ण प्रदेशातील बहुतेक गवतांजवळ आणखी एक युक्ती आहे. ती हवेतील कार्बन डायऑक्साइड पानाच्या आतल्या पेशींत आधी साठवून मग वापरतात. त्यामुळे रंध्रे फार वेळ उघडी ठेवावी लागत नाहीत आणि थोड्या पाण्यात अधिक वाढ साधते. शिवालिक टेकड्यांतील प्राचीन मातीच्या थरांचा अभ्यास 1989 साली प्रसिद्ध झाला. या युक्तीची गवते सुमारे सत्तर लाख वर्षांपूर्वीच हिमालयाच्या पायथ्याशी पसरली होती, असे त्यातून दिसून आले. तेव्हा माणूस नव्हता, मग कुऱ्हाड कोठून असणार?

कधी कधी हवामान आणि आग या दोघांनाही बाजूस सारून जमीनच निर्णय देते. साताऱ्याजवळचे कासचे पठार आणि कोकण-गोव्यातील जांभ्या दगडाचे सडे यांवर मुबलक पाऊस पडतो. पण खडकावर मातीचा थर इतका पातळ असतो, की वृक्षाच्या मुळांना आधार मिळत नाही. म्हणून तेथे पावसाळ्यापुरती सीतेची आसवे, तेरडा, दवबिंदू अशा चिमुकल्या वनस्पतींची वस्ती होते. त्या फुलांसाठी लोक लांबून येतात. एरवी आठ महिने तोच सडा काळाठिक्कर पडलेला असतो. त्या दिवसांत पाहणाऱ्याला तेथे काही आहे, हे पटणार नाही.

दख्खनच्या माळाचीही अशीच अवस्था आहे. मेमध्ये त्याच्याकडे पाहणाऱ्याला करड्या रंगाची ठिगळे दिसतात. परंतु त्या जमिनीखाली कुसळी, पवन्या, मारवेल या गवतांची मुळे आणि खरपुडीसारखे कंद पावसाची वाट पाहत असतात. काळवीट, लांडगा, तणमोर आणि माळढोक यांचे ते घर आहे. माळढोकाच्या रक्षणासाठी 1979 साली सोलापूरजवळ नान्नज येथे अभयारण्य निर्माण झाले. आज हा पक्षी साऱ्या देशात दीडशेच्या आतबाहेर उरला आहे. त्याला लांबवर दृष्टी पोहोचेल अशी मोकळी जमीन लागते. झाडे वाढली की त्याचे घर मोडते.

हे माळ अलीकडचे नाहीत, याला मराठी वाङ्मयानेच साक्ष दिली आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागाशी संबंधित जुन्या मराठी कथा, काव्ये आणि लोकपरंपरेतील गीते तपासून त्यांतील रानवनस्पतींचे उल्लेख वेचून काढले. त्यांचा अभ्यास 2025 साली प्रसिद्ध झाला. तेराव्या शतकापासूनच्या या साहित्यात येणारी बहुसंख्य झाडे-झुडपे मोकळ्या, उन्हाच्या माळरानावरची निघाली. घनदाट वनाची खूण सांगणारी फारच थोडी. यादवकाळापासूनचा मराठी माणूस ज्या रानाचे वर्णन करीत होता, ते बव्हंशी काट्यांचे आणि गवताचेच होते. चरकांच्या जांगल देशाशी त्याचे रूप किती जुळते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

या भूमीवर माणसाचे जीवनही उभे राहिले आहे. फलटण भागातील धनगरांचे वाडे दिवाळीच्या सुमारास माळ सोडून कोकणात उतरतात. तेथील शेतकरी आपल्या शेतात मेंढरे बसवून घेतात व खताच्या मोबदल्यात धान्य देतात. पावसाळा तोंडावर आला की हे वाडे पुन्हा घाट चढून पर्जन्यछायेत येतात. कोकणच्या धो धो पावसात मेंढरू टिकत नाही आणि उन्हाळ्यात माळावर चारा उरत नाही. दोन जीवसंहतींच्या मधून काढलेली ही वाट धनगरांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने आखली आहे.

अशा माळाचे सरकारी कागदोपत्री स्थान काय? हैदराबाद येथील राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेच्या मदतीने 2000 साली देशाचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रथम प्रसिद्ध झाला व पुढे त्याच्या नव्या आवृत्त्याही निघाल्या. त्यांत झुडपी जमिनी आणि ‘अवनत’ चराऊ राने यांना पडीक जमिनीच्या सदरात घातले आहे. एकदा जमीन पडीक ठरली, की ती दुसऱ्या कामाला देणे सोपे होते. तेथे कारखाना येतो, सौरऊर्जेची तावदाने येतात; आणि काहीच आले नाही, तर पुण्यकर्म म्हणून वृक्षलागवड येते.

यांपैकी वृक्षलागवडीचा घाव सर्वांत उशिरा ध्यानात येतो, कारण त्याला कोणी घाव म्हणत नाही. कच्छमधील बन्नीचे कुरण याचे ठळक उदाहरण आहे. खाऱ्या रणाची आगेकूच रोखावी, या सद्हेतूने 1961 पासून तेथे मेक्सिकोकडच्या वेड्या बाभळीची लागवड झाली. मालधारी पशुपालक तिला ‘गांडो बावळ’ म्हणतात, म्हणजे वेडी बाभूळच. गुरांनी शेंगा खाल्ल्या, बिया शेणातून सर्वत्र पसरल्या आणि कुरणाचा फार मोठा भाग काटेरी झाडीने व्यापून टाकला. नावाजलेल्या बन्नी म्हशींना चारा देणारे गवत त्याखाली गुदमरले. दख्खनच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची लागवड झाली, तेथेही हाच प्रकार लहान प्रमाणात घडला. टेकडी दुरून हिरवी दिसते. पण त्या झाडाखाली मूळचे गवत उगवत नाही आणि गुरे त्याचा पाला आवडीने खात नाहीत. झाडे लावून हवेतील कार्बन शोषला जातो, हे खरे आहे. पण तृणप्रदेशातील कार्बन मुख्यतः मुळांत व मातीत, म्हणजे आगीच्या हाताबाहेर साठलेला असतो. खड्डे खणताना तोच मोकळा होतो.

याचा अर्थ प्रत्येक मोकळी जमीन प्राचीन माळरान आहे, असा मात्र घेऊ नये. सह्याद्रीच्या ओल्या उतारांवर कोळशासाठी व शेतीसाठी तोडलेली वने आहेत, तेथे वनच परत यायला हवे. दख्खनच्या माळांपैकीही कित्येक अतिचराईने झिजले आहेत. मातीवर आता नुसता मुरूम उरला आहे. त्यांनाही उपचार हवा, परंतु तो गवताचा असावा. काही वर्षे चराईबंदी करावी, देशी गवताचे बी पेरावे आणि मग पाळीपाळीने चराई करावी. तोडलेले वन कोणते आणि मूळचा माळ कोणता, हे ओळखण्याची खूण वनस्पतीच देतात. तोडलेल्या वनाच्या जागी बुंध्यांतून धुमारे फुटत असतात आणि सावलीतली झुडपे तग धरून असतात. मूळच्या माळावर बहुवर्षायू गवते, जमिनीतील कंद आणि जाड सालीची विखुरलेली झाडे आढळतात. ही वनस्पती एकदा नांगराखाली गेली, तर शेकडो वर्षांतही पूर्णपणे परत येत नाही, असा जगातील अनेक तृणप्रदेशांचा अनुभव आहे.

म्हणून एखाद्या गावाच्या गायरानात वृक्षारोपणासाठी खड्डे घेण्यापूर्वी एक पावसाळा थांबावे. त्या जमिनीवर भाद्रपदात काय उगवते, ते गावातील जुन्या मेंढपाळाला बरोबर घेऊन पाहावे. गवताची नावे तो सांगेल. कोणते गुरांना मानवते आणि कोणते नाही, हेही त्याला ठाऊक असते. एवढी पाहणी करूनही तेथे झाडे लावावीत असे ठरले, तर ती जरूर लावावीत. पण बहुधा त्या माळाला झाडांपेक्षा राखणीचीच गरज अधिक असल्याचे दिसून येईल.